वाढलेल्या रेश्माचा सिंगल बार

आमच्या निपाणीतल्या बागेचं सांगितलं न्हाय व्हय तुम्हाला? बागेत सगळे झोके बारक्यांचे, म्हणून गल्लीची बैठक झाली. मोठ्या पोरांनी लोंबकळायला सिंगल बार मागितला. नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांत उंच पोरीचं, माझ्या लेकीचं, रेश्माचं, माप घेतलं. बार आला वर्षानं. रेश्मा लोंबकळली, तर पाय जमिनीला.

"माप बरोबर आहे, पोरगी वाढली," साहेब म्हणाले.

तेवढ्यात माझी थोरली बहीण आक्का, साठीची, बुटकी, बाजूच्या कट्ट्यावर चढली आणि बार धरून लोंबकळली. पाय अधांतरी. "मला बराबर बसतोय रं," म्हणत झुलायला लागली. गल्ली हसून बेजार. तिच्यामागं बायकांची रांगच लागली.

साहेबांनी रेश्माला विचारलं, "मग तुमचा किती उंच करू?"

ती म्हणाली, "ह्या बायकांचा हात पोचणार न्हाय एवढा."