मुक्ताची म्हैस

तुम्हाला सांगतो, लातुरात नात डॉक्टर व्हायला नको म्हणाली की आजोबाची झोप उडते. आमच्या मुक्ताला ॲनिमेशनमध्ये नोकरी हवी होती आणि कंपनीने परीक्षा म्हणून पडद्यावर चालणारी म्हैस करून मागितली होती. मी ती दहादा पाहिली आणि म्हणालो, "उत्तम."

औशाचे माझे मेहुणे शेती करतात. त्यांनी एकदाच पाहिली.

"दाजी, ही तर लंगडायली. मागला उजवा पाय उशिरा टाकती."

मुक्ताने पाय सुधारला आणि नोकरी लागली. चूक कोणी पकडली ते तिने सांगितल्यावर कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "तुमचे मामाआजोबा आमचा घोडा बघतील का?"

मेहुणे म्हणाले, "न्हाई बाई. घोडं म्या कधी पाळलं न्हाई."

मी पीएचडी आहे. असं उत्तर मला उभ्या आयुष्यात देता आलं नाही.