पॅसेजमधला सिलेंडर

अरे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्कांशी माझं दोन महिने बोलणं बंद होतं. कारण काय, तर आमचा गॅसचा सिलेंडर. तो आम्ही मागच्या पॅसेजमध्ये ठेवतो, नळी भिंतीतून आत. अक्का म्हणायच्या, वाटेत अडचण होते, घरात घ्या. मी कसली ऐकते.

परवा सासूबाईंना आणायला एअरपोर्टला निघालो. एअरपोर्टच्या अलीकडची देवनहळ्ळी जवळ आली तसं नवऱ्याने सहज विचारलं, "पुरणाची डाळ शिजली का गं?"

डाळ गॅसवर, दाराला कुलूप आणि घर तिकडे तासाभरावर, के. आर. पुरमला.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि अक्कांना फोन लावला. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, गॅस चालू राहिलाय.

"स्वल्प थांबा," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो परत वाजेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हतो.

"सिलेंडर बंद केला. खिडकीतून बघितलं, डाळ करपलीये, घर ठीक आहे. सावकाश या."

मी कॅबमध्ये रडलेच.

घरी आल्यावर दुसरी डाळ शिजवली, या वेळी समोर उभी राहून. गरम पोळ्या घेऊन वर गेले. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. उद्याच सिलेंडर आत घेते."

अक्कांनी डबा हातातून घेतला.

"नको," म्हणाल्या. "तुमचा बाहेरच बरा."