आपल्याच गाठीची लस

कर्करोगाच्या नव्या लसीची चाचणी तुमच्यावर करू का, असं विचारणाऱ्या परगावच्या डॉक्टरांच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. आठ मसुदे लिहून फाडले होते.

आज ते तपासणीला आले, तर रुग्णालयाच्या बाकावर शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“माझ्याच गाठीपासून माझी लस?”

“हो. चोराचा फोटो पहारेकऱ्यांना दाखवून ठेवतात ना, तसं.”

“आणि त्यांनी ओळखलाच नाही तर?”

“तुमच्याच शरीरातले पहारेकरी ते! कपाळावरचा चष्मा सापडायचा नाही त्यांना. म्हणून तर पुन्हा पुन्हा टोचतात.”

“पण गुण येईलच याची खात्री नाही म्हणे.”

“अहो, तुमच्याशी लग्न करताना मला कुणी दिली होती खात्री?”

“बरं बाई, सही कुठे करू?”

ग्रंथपालांनी कागद काढून ‘येतो’ एवढंच लिहिलं. वाक्य फारच तोकडं वाटलं. तरी पाकीट चिकटवून त्यांनी फाटकाजवळच्या टपालपेटीत टाकलं.