धाकट्या गौरीचा गुलाबी मुखवटा

मंडळी, आज अवघड काही विचारत नाही. एवढंच सांगा — स्वच्छ कशाला म्हणायचं? जे चमकतं त्याला, की ज्याला बिनघोर हात लावता येतो त्याला?

थांबा, थांबा! इतक्या लगेच माना डोलवू नका! घरी जा, मोरीचं कपाट उघडा. फरशीची एक बाटली, काचेची एक, ओट्याची एक, नळाची वेगळी, संडासाच्या दोन! देव्हाऱ्यात देव पाच आणि मोरीत बाटल्या सहा! आणि वास तरी किती — गुलाब, चाफा, मोगरा! म्हणजे देवाला हार प्लास्टिकचा, आणि संडासाला मोगरा! तबलजी, हसू नका, तुमच्या घरी मी परवाच चहाला आलो होतो.

तर ऐका. कऱ्हाडात नव्या कॉलनीत वृषाली बोकील नावाच्या बाई राहतात. स्वभावानं चांगल्या, पण स्वच्छतेचं वेड असं, की पाहुणा उठला रे उठला की खुर्ची पुसायची! पाहुणा अजून दारात चपला घालतोय, आणि आत फवारा सुरू — फुस्स, फुस्स! बिचाऱ्याला वाटायचं, आपल्याला काही झालंय की काय.

या बोकिलांच्या घराण्यात पितळी मुखवट्यांच्या गौरी. थोरली आणि धाकटी. त्या इतकी वर्षं अन्नपूर्णाकाकूंकडे, म्हणजे वृषालीबाईंच्या चुलत सासूबाईंकडे बसायच्या. काकूंनी ऐंशी ओलांडली. गुडघे बोलायला लागले. आता गौरी द्यायच्या कुणाकडे? पुतणे दोन, सुना दोन. थोरली ज्योत्स्ना आणि धाकटी आपली वृषाली. आणि गौरी तर सख्ख्या बहिणी — एक इकडे, एक तिकडे, असं चालत नाही! काकू म्हणाल्या, "यंदा वृषालीकडे बसवू. मी येऊन बघते. पूजनाच्या दिवशी आरती झाली की सांगेन, कायमच्या कुठे ते."

झालं! वृषालीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गौरी आपल्याकडेच राहायला हव्यात! जाऊबाईंकडे गेल्या तर जन्मभर पाट मांडायला तिकडे जावं लागेल! आता ही भक्ती की चढाओढ, ते मला विचारू नका. मी फक्त सांगणारा.

आवाहनाच्या आदल्या दिवशी काकू आल्या. आल्या आल्याच पिशवीतून चिंचेचा गोळा काढला. कोमट पाण्यात भिजवला, त्यात मीठ घातलं, मांडीवर जुनं धोतर पसरलं आणि थोरलीला घेऊन बसल्या. कानामागे बोट, नाकाच्या कडेला बोट, हनुवटीखाली अंगठा — लहान लेकराला न्हाऊ घालतात तशा! तासाभरानं थोरली अशी उजळली, की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटलं.

"मनगट भरून आलं गं," काकू म्हणाल्या. "मी जरा पडते. धाकटीला तू घे. घाई करू नकोस, तिच्या गालांच्या खळीत काळं फार बसतं."

"तुम्ही निवांत पडा, काकू," वृषालीबाई म्हणाल्या. आणि काकूंची पाठ वळताच चिंचेकडे बघून नाक मुरडलं! तासभर? अजून मखर व्हायचंय, फुलोरा तळायचाय, फरशी तिसऱ्यांदा पुसायचीय! त्या चिखलात कोण तासभर बोटं घालणार?

नजर गेली मोरीच्या कपाटाकडे. संडासाची बाटली! दोन मिनिटांत पिवळं भांडं पांढरंशुभ्र करते — मग पितळ काय, चुटकीसरशी!

अहो मंडळी, ऐकताय ना? संडासाची बाटली — आणि गौरीच्या तोंडाला!

बादलीत ओतली, धाकटीला बुडवली, आणि बाई गेल्या मखराला लेस चिकटवायला. लेस चिकटली, तोवर बरीच मिनिटं गेली. परत येऊन बघतात तर काय — धाकटी गुलाबी! सोनेरी रंग गेला कुठल्या कुठे. गालावर ठिपके, कपाळावर डाग, उन्हानं भाजल्यागत चेहरा! बाईंनी हातमोजे न घालताच तो मुखवटा बाहेर काढला. नळाखाली धरला, चिंच लावली, घासलं घासलं घासलं. पाच मिनिटांत काय होणार? दुसऱ्या दिवशी धाकटीला नथ मोठी घातली, मळवट भरला, हळद चोपडली, वेण्या कानांवरून पुढे ओढल्या, आणि तिच्या बाजूचा दिवा काढूनच टाकला!

पूजनाच्या संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. बायकांची नजर — तिच्यापासून काही लपलंय का कधी?

"अगं बाई, धाकटीला ताप आलाय का?"

"उन्हात ठेवली होती वाटतं!"

आणि ज्योत्स्नाबाई! त्या सरळ पुढे झाल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि मुखवट्यावर धरली. "वृषाली, हे गं काय?"

वृषालीबाईंनी धाकटीची वेणी आणखी पुढे ओढली. आता खरं सांगावं की नाही? एका वाक्याचं काम होतं हो, 'माझं चुकलं' एवढंच! पण तोंडातून निघालं ते असं — "काकूंनी चिंच जरा जास्त लावली असेल. त्यांना आता नीट दिसत नाही ना."

अरेरे! पितळ खराब केलं ते केलं, वर ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोळ्यांवर घातलं!

काकू पाटावर बसून होत्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त बोट दाखवलं. "मी घासलेली ती. थोरली."

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. ती झळझळत उभी! मग सगळ्यांनी वृषालीकडे बघितलं. यापुढे बोलायचं काय राहिलं?

"इकडे ये," काकू म्हणाल्या. "हात दाखव."

दोन दिवस बाई एका चिमटीनंच कुंकू लावत होत्या, ते का, हे तेव्हा कळलं. बोटांची सालं निघालेली. तळवा लालबुंद. काकूंनी तो हात मांडीवर घेतला, आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पितळाचं मला काही वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण ज्यात स्वतःचा हात बुडवता येत नाही, त्यात तू देवीचं तोंड बुडवलंस?"

वृषालीबाई ढसाढसा रडल्या. "काकू, गौरी ताईंकडेच द्या. माझी लायकी नाही."

ज्योत्स्नाबाई तर उठल्याच — पिशवी आणायला!

"बस खाली," काकू म्हणाल्या. "गौरी वृषालीकडेच राहतील. नवा मुखवटा आणायचा नाही. तांबटाकडून उजळून घ्यायचा नाही. दर वर्षी हिनं धाकटीला मांडीवर घ्यायचं आणि चिंचेनं तासभर घासायचं. आणि आलेल्या प्रत्येकीनं विचारलं, की ही अशी का — तर खरं सांगायचं."

बघा, मागितलं ते मिळालं! पण कसं मिळालं? गेली सहा वर्षं बाई घासतायत, सांगतायत. धाकटी अजून थोरलीसारखी झालेली नाही. पहिल्या वर्षी सांगताना मान खाली जायची. आता विचारायच्या आत स्वतःहून सांगतात.

तुम्ही हसलात. हसा! पण मंडळी, ती गौरी होती, पितळेची होती, म्हणून डाग दिसला. तुमचं रांगतं नातवंड असल्याच बाटल्यांनी पुसलेल्या फरशीवरून तळहात फिरवतं आणि तोच हात तोंडात घालतं — त्याच्या पोटात कुठला रंग उतरला, ते तुम्हाला दिसतं का? धुणंभांडीवाल्या मावशींची बोटं तुम्ही कधी उजेडात बघितलीत? नाही ना? तिथे कोण बॅटरी धरणार?

समोर बसलेल्या भगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकलेल्या बंधूंनो — तुम्ही तर बाटली विकत आणणारे! — उद्या सकाळी मावशी कामाला आल्या, की आधी त्यांचे हात हातात घेऊन बघा. मग देवापुढे बसा. आणि आता हात वर करा, जसे असतील तसे, आणि त्या गौरीमाउलीच्या नावाचा गजर करा!