लाल कोटावरचं शेवाळ

— अगं अगं, तिथं नको पाय ठेवूस! विधवांच्या चाळीचं अंगण आहे ते, तुझ्या त्या बुटाखाली चार लाकडी म्हाताऱ्या गेल्या असत्या आत्ता. या बाजूनं ये, बाजारचौकातून, तिथं फरशी पक्की आहे. आणि टोपी कशाला काढलीस? घाल डोक्यात, वारं किती बोचरं सुटलंय — टोपी हातात घेऊन कुणी दारात उभं राहिलं की मला मेलं धस्स होतं. बघायला आलीयस ना? मग बघ. ईस्टरपर्यंत मी हे छोटं गाव पाहुण्यांना उघडत नाही, बाहेर पाटी आहे तशी, पण तू काय परकी आहेस? ग्रीव्हबाईंची नात तू, पाववाल्यांची टॅम्सिन. पोलिसात गेलीस म्हणून ‘मिसेस टॉली, मिसेस टॉली’ काय लावलंयस गं? लहानपणी नाक पुसत एनिडआंटी म्हणायचीस की. आणि हे बघ, आधीच सांगून ठेवते — तू जे सांगायला आलीयस ना, ते राहू दे तुझ्या पिशवीतच. तळं उपसलंय, गिरणीपाशी पांढरा तंबू ठोकलाय, सगळं ठाऊक आहे मला. फक्त तोंडानं बोलू नकोस एवढ्यात. मी गाव पुसतेय. गाव पुसून होऊ दे.

गुडघ्याएवढं असलं म्हणून काय झालं, गाव ते गावच. हिवाळाभर ओल खातं. छपरांवर शेवाळ धरतं, मग मार्च उजाडला की मी बसते बादली घेऊन आणि दात घासायचा ब्रश घेऊन — तो बघ, माझ्या विल्फचाच ब्रश आहे. हसू नकोस, त्याला आता काय करायचाय? हा चौक बघ. ही लोणीबाजाराची दगडी छत्री, खऱ्या छत्रीचा एक खांब जिथं टवका गेलाय तिथंच हिच्याही खांबाचा टवका गेलाय. चर्चचा मनोरा तिकडं डावीकडं कलतो ना, तसाच इकडं कलतो. पाहुणे म्हणतात, बाई, तुमच्या नवऱ्याचा हात हलला वाटतं! हात कसला हलतोय? विल्फचा एकच हट्ट — खऱ्या गावात जे आहे तेच इथं, आणि तिथं जे नाही ते इथं नाही. त्यानं स्टेशन केलं होतं, ठाऊक आहे? तू कुठली बघायला. तिथं त्या लाकूडवखारीच्या जागी होतं. फुलांच्या कुंड्या, बाकडं, शिट्टी तोंडात घेतलेला विल्फ स्वतः. आणि मग वरून हुकूम आला, लाइन बंद, रूळ उखडले, स्टेशन पाडलं — तर त्या दिवशी हा गृहस्थ इथं आला आणि आपल्या हातानं आपलं स्टेशन उचललं. मी म्हटलं, राहू दे ना रे, कुणाचं काय जातंय? तर डोळे पुसत म्हणतो, एनिड, एकदा खोटं शिरलं की मग हे गाव नाही, खेळणं झालं. असला माणूस.

माणसांचंही तेच. गावातल्या प्रत्येक घरचं एक तरी माणूस इथं आहे, लिंडनच्या मऊ लाकडाचं, बोटाएवढं. कुणी वारलं की विल्फ ते माणूस हलक्या हातानं उचलायचा नि तिकडं चर्चच्या आवारात नेऊन ठेवायचा, त्या छोट्या झाडाखाली. एक रविवार तिथं. मग घरचे यायचे, केकच्या डब्यात घालून आपलं माणूस घरी न्यायचे. तुझी आजी नेलीस ना तू? आठवतंय मला, डबा पोटाशी धरून उभी होतीस, आणि तुझ्या आईला विचारलंस, आजीला आत श्वास घेता येईल का. आहे ना अजून तुझ्याकडं? खिडकीत ठेवलीयस? छान केलंस. विल्फला मात्र मी घरी नाही नेलं. तो बघ, झाडाला टेकून. एक रविवार झाला, दुसरा झाला, पाद्रीबाबा हळूच म्हणाले, एनिड, नियम. मी म्हटलं, तुमचा नियम ठेवा तुमच्यापाशी, तो वाट बघतोय कुणाची तरी. चार हिवाळे झाले, बसलाय बिचारा.

काय? पिशवी? पिशवी काय पळून चाललीय का — इकडं ये, तुला गंमत दाखवते. ही सराई बघितलीस? आपण आत्ता खऱ्या सराईच्या मागच्या अंगणात उभ्या आहोत ना, तेच हे अंगण. आणि अंगणात बघ — वाक, वाक, तुझे गुडघे तरुण आहेत — अंगणात पुन्हा हे सगळं गाव, पावाच्या कापाएवढं! त्यातही चर्च आहे, छत्री आहे, पूल आहे. विल्फनं भिंग लावून केलं. पुलावर लाल ठिपका दिसतोय? सुईच्या टोकानं दिला तो. नाही दिसत? मलाही नाही दिसत आता. पण आहे.

हं. तुझ्या लक्षात आलं तर. ओढा. वाजत नाहीये ना? गिरणीच्या तळ्यातून चर काढून विल्फनं खऱ्या नदीचं पाणी आत घेतलं होतं. नदीला पूर आला की आमच्या ओढ्याला पूर, नदी गोठली की आमचा ओढा गोठला. झोपेतही तो आवाज असायचा माझ्या कानात. परवा सकाळी चहा करत होते आणि एकदम — काहीच नाही. किटलीचा आवाज सुद्धा केवढा मोठा वाटला. बाहेर आले तर तळ उघडा पडलेला, काळा गाळ, आणि दोन चिमुकले मासे तडफडत होते पुलाखाली. मी त्यांना बादलीत घातलं. आणि तिथंच बसले. म्हटलं, एवढी वर्षं उपसलं नाही कुणी ते तळं, आता पाणी अडवायच्या दाराच्या फळ्या बदलायला म्हणून उपसतायत. बदला बाई. मग दुपारी तुमची गाडी गेली, मग तंबू आला, मग शेजारचे लोक मला बघून आवाज न करता दारं लावायला लागले. तरी मी छपरं घासत बसले.

हो. ती पुलावरची तीच. जिल. तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता. एकोणीस वर्षांची माझी पोर, पुराच्या संध्याकाळी पाणी किती चढलंय बघून येते म्हणाली, मागच्या दारानं गेली. मी नव्हते घरी, बहिणीकडं गेले होते. विल्फ होता, पेपर वाचत होता, वर न बघता म्हणाला, लवकर ये. एवढंच. पोलिसांनी विचारलं, अंगात काय होतं? तो म्हणाला, लाल कोट. दुसरं काय म्हणणार? तो लाल कोट म्हणजे जिल, जिल म्हणजे लाल कोट. चौकाच्या या टोकाला असली तरी त्या टोकाला कळायचं कोण येतंय. गावभर चिठ्ठ्या लागल्या, लाल कोट, लाल कोट. आणि त्या हिवाळ्यात विल्फनं तिला कोरली, लाल रंगवली, पुलावर उभी केली, घराकडं तोंड करून. मी विचारलं, पुलावर का? तर म्हणाला, कुणी मेली म्हणून सांगितलंय का? नाही ना? मग ती वाटेवर आहे.

आणि एक सांगू? तू मला वेडी म्हणशील. त्या पुलावर तिच्या शेजारी कोळी उभा आहे ना, निळ्या स्वेटरचा, दोन बोटांवर — त्याला कधी काही झालं नाही. निळा तो निळाच. आणि ही — दर हिवाळा संपला की हिचा कोट हिरवा झालेला. पायापासून गळ्यापर्यंत, बरोबर कोटाएवढाच. तोंडाला नाही, हाताला नाही. विल्फ म्हणायचा, ओल धरते गं, लाकूडच तसं निघालं. खरवडायचा, पुन्हा लाल लावायचा. मी खिडकीतून बघत राहायची. कोळ्याच्या जागी तिला ठेव म्हटलं, ठेवली. कोळी निळा, ही हिरवी. विल्फ गेल्यावर मीच रंगवते. रात्री दिवा मालवला की वाटायचं, ती तिकडं अंधारात उभी राहून आपला कोट बदलतेय, हळूहळू, मला कळावं म्हणून.

काय कळावं? काही नाही. बोलते आपली मी.

— नको काढूस ती. टॅम्सिन, मी सांगितलं ना नको! बरं, ठेव. चौकात ठेव, छत्रीपाशी. प्लॅस्टिकमधूनच बघते. माझा चष्मा... हं. चिंधी आहे. चिखलात राहून सगळं काळंच होतं, यावरनं काय कुणाला ओळखायचं? कुणाचं फाटकं पोतंही असेल. बटण? बटण दिसतंय मला, आंधळी नाही मी. पितळी आहे, चाक आहे त्याच्यावर. रेल्वेवाले काय एक होते इथं? तळ्यावर मासे धरायला अर्धं स्टेशन जायचं. नाही, जिलचं नाही ते. तिचा कोट लाल, त्याला काळी मोठाली बटणं, चिठ्ठीत लिहिलंय तुमच्याच. हे त्या हिरव्याच्या गळ्याचं —

काय बघतेस अशी?

मी हिरवा म्हणाले? कुठं म्हणाले... म्हणाले. हो. म्हणाले खरी.

बस इथं, चाळीच्या भिंतीवर बसलीस तरी चालेल, विल्फनं मजबूत बांधलीय. मागच्या दाराला माझा एक जुना कोट लटकलेला असायचा, हिरवा, बागेत घालायचा, रुबार्बचे वाफे खणताना. गळ्याचं बटण गेलं म्हणून मी विल्फच्या रेल्वेतल्या जुन्या डगल्याचं लावलं होतं. दोरा टिकत नव्हता, म्हणून त्याच्या मासे धरायच्या गळाच्या दोरीनं शिवलं, नायलॉनच्या. दात लावून गाठ मारली होती मी. बघ ना, अजून चिंधीला धरून आहे. सगळं कुजलं आणि मेली ती गाठ तेवढी राहिली.

त्या हिवाळ्यानंतर वसंतात घर झाडताना जिन्याखालच्या खोलीत मला तो लाल कोट सापडला. कोरडा, खुंटीला. आणि मागच्या दाराला हिरवा नव्हता. मी तशीच उभी राहिले. सांगणार होते गं, त्याच संध्याकाळी सांगणार होते विल्फला. पण त्याच दुपारी तुमच्या पोलिसातला एक जण आला, बांधाखाली विलोच्या झाडाच्या फांदीला हिरवी चिंधी अडकलीय म्हणाला, तुमच्या मुलीची असेल का? विल्फ खुर्चीतून उठला. नाही, म्हणाला, आमची लाल! आणि नंतर — किती दिवसांनी — त्यानं अंडं मागितलं. भाजलेल्या पावावर अंडं, आणि चहा, आणि पुन्हा चहा. माझ्यासमोर बसून जेवला तो माणूस. मी त्याला काय सांगणार होते तेव्हा? तूच सांग. आणि मग तो दिवस गेला, आणि सांगायचं अवघडच होत गेलं. स्वतःचं स्टेशन उचलणारा माणूस, त्याच्या आख्ख्या गावात खोटं असं एकच होतं, आणि ते मी त्याच्याच हातानं दर वर्षी रंगवून घेत होते.

तशीच मलाही सवय लागली म्हण. नदीतून काहीही निघू दे, लाल नाही ना? मग जिल नाही. सोपं होतं. मला वाटायचं मी मरेपर्यंत पुरेल.

ती होती ना तिथं? फळ्यांखाली? एवढ्या जवळ. घरातून दिसतं ते तळं. नाही, पुढचं नको सांगूस. पोस्टमार्टेम-बिस्टमार्टेम तुमचं तुम्ही करा, सही कुठं लागेल तिथं करीन मी उद्या.

माझं एक काम कर. माझे गुडघे वाकत नाहीत आता. पुलावरनं तिला उचल. हळू — पायात खिळा आहे, जरा फिरवून ओढ. आली? दाखव मला. यंदा अजून खरवडली नव्हती मी तिला, तिच्यापर्यंत आलेच नव्हते, छपरांतच अडकले होते. बघ, गळ्यापर्यंत. किती छान हिरवा धरलाय. नको, नको! नखानं नको काढूस, तसाच राहू दे कोट. तिकडं ने. चर्चच्या आवारात, झाडाखाली — विल्फच्या शेजारी, त्याच्याकडं तोंड करून. आणखी जवळ. मी नाही सांगितलं त्याला कधी. आता त्याचं तो बघेल.

आणि सराईच्या अंगणातला तो लाल ठिपका आहे ना, तो तिथंच असू दे. तो माझ्याच्यानं नाही पुसवणार.

आता काढ टोपी.

... बस. जा तू आता, टॅम्सिन. फाटक ओढून घे, मांजर शिरतं आणि माणसं पाडतं. मला अजून चाळीची छपरं घासायचीत.