वाकडी शिवण

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची मुलगी बसल्या होत्या.

"आई, पिशवीत काय आणलंयस?"

"शर्टाची बाही. काल शिवलेली."

"डॉक्टरांना बाही दाखवणार? काहीतरीच तुझं!"

"बोटं बधिर होतात म्हटलं, तर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, मनाचे खेळ आहेत. ही शिवण बघ, कशी वाकडी गेलीय. तीस वर्षांत कधी गेली होती का?"

"बरं बाई, दाखवू आपण."

"आपण नाही. तू बाहेरच थांब."

"का गं?"

"मागच्या वेळी डॉक्टर हसले, तेव्हा तूही हसलीस."

"आई... मला वाटलं, तुला दिसलं नसेल."

"बोटं बधिर झालीत गं, डोळे नाही."