अस्सल घरातला कूलर

मी सरलाबाई रामदास बडगुजर, वय ४६ वर्षे, धंदा घरी साडीवर टिकल्या लावणे, मूळ राहणार तालुका अमळनेर, हल्ली राहणार बमरोली, सुरत, समक्ष हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर पत्र्याच्या एका खोलीत मी व पती रामदास राहतो. ते कापडाच्या कारखान्यात लूमवर रात्रपाळी करतात व दिवसा झोपतात.

मागील दिवाळीनंतर योगेंद्र नावाचे इसम आमच्याकडे आले. ते शाश्वत पर्यटनाचे ॲप चालवतात. "मावशी, पाहुणे तुमच्या हातचं भरीत-भाकरी खातील. तुमची गरिबी हटेल," असे ते म्हणाले. त्यांनी आमच्या खोलीचे फोटो ॲपवर 'अस्सल घर' म्हणून टाकले. तेव्हापासून दर रविवारी पाहुणे येत. ते जेवत, पत्र्याला हात लावून पाहत व झोपलेल्या पतीचे फोटो काढत. पती तोंडावर चादर घेत. चादर काढा, असे पाहुणे खुणेने सांगत.

एप्रिलमध्ये उकाड्याने पती लूमवर चक्कर येऊन पडले. म्हणून मी जेवणाच्या मिळकतीतून कूलर आणला. पती सलग पाच तास झोपू लागले.

त्यानंतर पाहुणे ॲपवर कमी तारे देऊ लागले. घर चांगले आहे, पण फसवल्यासारखे वाटले, असे एका बाईंनी लिहिले.

दि. १२ मे रोजी सकाळी अकराच्या सुमारास योगेंद्र टेम्पो घेऊन आले व कूलर उचलू लागले. मी म्हटले, "गरिबी हटेल, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

ते म्हणाले, "हटेल ना, मावशी. पण पाहुण्यांना दिसेल अशी हटायला नको."

पती उठून दारात आडवे उभे राहिले. त्यांना बाजूला सारून योगेंद्र यांनी कूलर नेला. दुपारी तीन वाजता पती "माले चक्कर यी ऱ्हायनी" एवढे म्हणाले व पडले. शेजाऱ्यांनी रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले. अद्याप ते बोललेले नाहीत.

माझा कूलर परत मिळावा, अशी माझी तक्रार आहे.

आज मी इथे पोलीस चौकीत बसले असता योगेंद्र यांचा फोन आला. रविवारी सहा पाहुणे येणार, असे ते म्हणाले. मालक दवाखान्यात आहेत, जेवण होणार नाही, असे मी सांगितले. मग त्यांनी विचारले, "कोणता वॉर्ड? रविवारी भेटायची वेळ काय असते?"

मी सांगितले नाही. आपणही वॉर्ड या कागदावर लिहू नये.

हा जबाब मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच यात आहे.

सही
सरलाबाई रामदास बडगुजर